पेढे कशाचे?

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला तेव्हा मी दारातच होते. एका हातात कोथिंबिरीची जुडी, दुसऱ्या हातात किल्ल्या, करंगळीला दुधाची पिशवी. "घे ग, तोंड गोड कर," ते म्हणाले. मला वाटलं, पुण्याला मुलाकडे काही बातमी असेल. पण काकांनी बॉक्स काखेत दाबला, खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली. काळ्यावर हिरवे आकडे. सगळ्यांत वर ठळक अक्षरांत एकतीस लाख आणि वर काही हजार. "बारा टाकले होते," ते म्हणाले, "दीड महिन्यात." जिन्यात आम्ही दोघंच होतो, तरी आवाज हळू. मग आणखी काही दाखवायला म्हणून त्यांनी अंगठ्याने स्क्रीन सरकवली आणि चुकून बँकेचा मेसेज उघडला गेला. खात्यातून अडीच लाख वजा, आणि पुढे ज्याला गेले त्याचं नाव. कुठल्याशा ट्रेडर्सचं. ब्रोकरचं नाही, म्युच्युअल फंडाचं नाही. वाण्याच्या पाटीवर असावं तसलं नाव.

मी एकवीस वर्षं एका सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली आहेत. ते नाव वाचायला मला क्षणभरही लागला नाही, आणि पोटात कुठेतरी खड्डा पडला. काकांनी घाईघाईने मेसेज बंद केला आणि माझ्याकडे बघून हसले. बायको गेल्यापासून तीन वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

"वा, छानच की," मी म्हणाले आणि पेढा खाल्ला.

केशर जरा जास्तच होतं. दिवसभर तोंडात ती चव राहिली, आणि रात्री कोथिंबीर निवडताना मी स्वतःलाच विचारत बसले की बाई, तुला दिसलं होतं ना? मग का नाही बोललीस? उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही. भीड पडली. बहात्तर वर्षांचा माणूस, महापालिकेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेला, आनंदाने पेढे वाटतोय, आणि मी त्याला विचारू, की हे पैसे कोणाच्या खात्यात गेले? आपल्याकडे बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारत नाहीत, हे आईने शिकवलं. त्यात तिनेच आणखी एक वाक्य शिकवलं होतं, भीड भिकेची बहीण. ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून ऐकत मोठी झाले, आणि ती एकमेकांना छेद देतात हे कधी लक्षातही आलं नाही.

आमची इमारत मुलुंड पूर्वेची. चार मजल्यांची जुनी पाडून बिल्डरने उंच बांधली. दोन वर्षं आम्ही सगळे भाड्याच्या घरांतून फिरलो, आणि परत आलो तेव्हा प्रत्येकाच्या खात्यात कॉर्पस फंडाचा, म्हणजे बिल्डरने द्यायच्या एकरकमी पैशांचा, धनादेश जमा झाला होता. ज्या लोकांनी आयुष्यात एकरकमी पैसे फक्त ग्रॅच्युइटीच्या दिवशी पाहिले, त्यांच्या हातात पुन्हा एकदा मोठी रक्कम आली. आणि अशी रक्कम आली की तिचा वास लांबवर जातो. लिफ्टमध्ये कोणी पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेचं बोले, कोणी ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेत ८.२ टक्के मिळतात म्हणे, कोणी कर्जतला प्लॉट घ्यायला निघालेला. काका या गप्पांत नसायचे. "आमच्या पैशाला काय पाय फुटणार," असं म्हणून जिना चढायला लागायचे. पाय फुटले होते, फक्त कोणाला दिसले नव्हते.

त्या ट्रेडर्स नावाने मला झोप येऊ दिली नाही त्याला कारण होतं. बँकेत असताना आमच्या शाखेत एका शिलाईवाल्याचं चालू खातं होतं. छोटं दुकान, ब्लाऊज शिवायचे. खात्यात महिन्याला पंधरा-वीस हजारांची ये-जा. एका सोमवारी त्यात सकाळपासून पैसे यायला लागले. पन्नास हजार, दीड लाख, साडेतीन लाख. पाठवणारे कोण कुठले, कोणी नागपूरचा, कोणी कोचीचा. आणि संध्याकाळपर्यंत खातं परत जवळजवळ रिकामं, पैसे दहा वाटांनी पुढे गेलेले. शाखाधिकाऱ्यांनी खातं गोठवून त्याला बोलावलं तेव्हा तो बिचारा खरंच घाबरला होता. कोणीतरी त्याला महिना दहा हजार देऊन पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड नेलं होतं. खातं भाड्याने दिलं होतं त्याने, खोली द्यावी तसं. कोचीच्या ज्या माणसाने त्यात दीड लाख टाकले, त्याला वाटत असणार आपण शेअर घेतले. खऱ्या ब्रोकरकडे पैसे जातात ते ब्रोकरच्या नावाच्या, ग्राहकांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खात्यात. आता तर सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, नोंदणी असलेल्या ब्रोकरांना आणि फंडांना 'व्हॅलिड' हा शब्द असलेले वेगळे यूपीआय पत्ते दिलेत, पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. पण हे सगळं बघायला माणूस आधी थांबायला हवा, आणि पैसे दुप्पट होत असताना कोण थांबतो?

माझे वडीलही थांबले नव्हते. ते बेस्टमध्ये कंडक्टर. १९९४ साली निवृत्त झाले आणि फंडाचे पैसे आले. आम्ही तेव्हा परळला एका खोलीत. डेपोतले त्यांचे एक सहकारी रविवारी घरी आले, बरोबर रंगीत माहितीपत्रक. सागवानाची झाडं. एका झाडाला हजार रुपये, वीस वर्षांनी पन्नास हजार. माहितीपत्रकावर सरळ रांगेत उभी असलेली झाडं आणि खाली धोतर नेसलेला हसरा शेतकरी. वडिलांनी दहा झाडं घेतली. सर्टिफिकेट आलं, जाड कागदाचं, वर सोनेरी किनार, मध्ये फिकट हिरव्या रंगात पान छापलेलं. ते त्यांनी आईच्या लोखंडी ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली ठेवलं. पुढचं मला आजही लख्ख आठवतं. जूनमध्ये पहिला पाऊस आला, परळच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साठलं, ते खिडकीच्या गजांना धरून उभे होते आणि म्हणाले, "आपल्या झाडांना बरं झालं." दर पावसाळ्यात म्हणायचे. एखाद्या वर्षी पाऊस ओढला की कोकणातल्या शेतकऱ्यासारखे अस्वस्थ व्हायचे, आमची शेती नसताना. पेपरात वणव्याची बातमी आली की जिल्हा कुठला ते आधी बघायचे.

झाडं कुठे आहेत हे कधीच कोणी विचारलं नाही. आणणारा सहकारी, त्याच्याबरोबर वीस वर्षं एकाच डेपोत हजेरी लावलेली, त्याला काय विचारणार? १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले, पण तोवर आमच्या कंपनीच्या फोर्टमधल्या ऑफिसला कुलूप लागून बराच काळ लोटला होता. त्याच वर्षी महाराष्ट्राने ठेवीदारांच्या हितरक्षणाचा कायदा आणला. वडिलांनी एकदा एका वकिलाकडे चौकशी केली आणि दहा हजारांसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार म्हणून सोडून दिली. ज्यांनी योजना आणली त्या सहकाऱ्याने स्वतः चाळीस झाडं घेतली होती. तो वडिलांना तोंड दाखवेना, आणि वडील म्हणायचे की त्याचं काय चुकलं, तो तर माझ्याआधी बुडाला. हे खरंच होतं. बाहेरचा ठग आपल्या दारात कधी येत नाही. दारात येतो तो आपलाच कोणीतरी, ठगाच्या शब्दावर मनापासून विश्वास ठेवलेला.

वडील गेल्यावर ट्रंक आवरताना सर्टिफिकेट सापडलं. तेव्हा मी बँकेत होते, कागद वाचायची सवय लागलेली. गावाचं नाव होतं, तालुका होता, झाडांचे अनुक्रमांकसुद्धा होते. जमिनीचा गट नंबर नव्हता. पंचवीस वर्षं शालूखाली जपलेल्या कागदावर जमीनच नव्हती.

यावर लोक पटकन म्हणतात, लोभ. मला हा शब्द आवडत नाही. फसलेल्या माणसाला लोभी म्हटलं की आपण आपोआप शहाण्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. माझ्या वडिलांना लोभ असता तर ते सुट्ट्या पैशांचा हिशोब रात्री दोनदा लावत बसले नसते. त्यांना मुंबईत आपली म्हणावी अशी दहा झाडं हवी होती, बस्स. आणि भाजीवाल्या मावशींना काय हवं होतं?

मावशींचं सांगते. २०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवडाभर आधी, मी दादरला तीळ, गूळ आणि वाणाचं सामान घ्यायला गेले होते. स्टेशनबाहेर माझी एक ठरलेली भाजीवाली आहे, पावटा आणि हरभऱ्याचे घाटे तिच्याकडचेच घ्यायचे. त्या दिवशी टोपली झाकलेली, मावशी जागेवर नाहीत. शेजारची म्हणाली, "त्या तिकडं गेल्यात, दुकानापाशी. समदीच गेल्यात." कुठलं दुकान ते तुम्हाला ठाऊक आहे, टोरेसचं, पुढचे कितीतरी दिवस पेपरांत तेच होतं. बंद शटर, पोलिसांच्या गाड्या, आणि हातात पावत्या घेऊन ओरडणारी माणसं. महिनाभराने मावशी भेटल्या तेव्हा त्यांनी कनवटीचा बटवा सोडून एक चिमुकली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत खडा. हरभऱ्याच्या डाळीएवढा, उन्हात धरला की झगझगणारा. पैसे गुंतवल्यावर मिळालेला. "सोनाराला दावला," त्या म्हणाल्या, "त्यो हसला." हिरा नव्हताच तो, मोझनाइट नावाचा कारखान्यात बनणारा खडा. मी तो तळहातावर घेतला. वजन जाणवलंच नाही.

मी शहाणपणाने विचारलं, "मावशी, आठवड्याला इतके टक्के कोण देतं का?" त्यावर त्या ज्या नजरेने माझ्याकडे बघत राहिल्या ती मी विसरणार नाही. "ताई, मी काय वेडी हाय का? तीन महिने नुसती बघत व्हते. बाजूवालीला दर आठवड्याला मिळाले. डोळ्यांनी बघितलं, मग टाकले." मला गप्प बसावं लागलं. कारण बाईने अभ्यास केला होता. तिच्या परीने नीट, सावधपणे, तीन महिने. आणि तिचा पुरावा खोटा नव्हता, बाजूवालीला पैसे खरंच मिळत होते. १९२० मध्ये बॉस्टनला पाँझी नावाच्या इसमाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देतो म्हणून लोकांना रांगेत उभं केलं, तेव्हाही पहिल्या रांगेतल्यांना पैसे मिळालेच होते, मागच्या रांगेतल्यांचे. या धंद्यात वेळेवर मिळणारे पैसे हीच जाहिरात असते. मिळतात का, या प्रश्नाचं उत्तर हो असंच येणार. कुठून येतात, हे विचारलं तरच पाय जमिनीला लागतात, आणि तो प्रश्न बाजूवालीला ठाऊक नसतो, दुकानातल्या सुटाबुटातल्या पोराला ठाऊक नसतो.

त्या रात्री मी उगाच कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आठवड्याला १० टक्के, आणि आलेलं पुन्हा त्यातच घातलं, तर १ लाखाचे वर्षात किती? १ कोटी ४२ लाख. जो माणूस असं करू शकतो त्याला मावशींच्या पन्नास हजारांची गरज का पडावी? हे गणित चौथीच्या पुढचं नाही. पण दर आठवड्याच्या टक्क्यांत ते दिसत नाही, दडतं. महिना ३ टक्के म्हटलं की किती साधं वाटतं, आणि वर्षाचे ३६ म्हटलं की कान टवकारतात. म्हणून तर ही माणसं कधी वर्षाचा दर सांगत नाहीत.

याच्या उलट आमची भिशी. परळच्या चाळीत आई भिशी चालवायची, बारा बायका, महिन्याला शंभर. त्यातही विश्वासच होता, भीडही होती, आणि कागद एकही नव्हता. पण बारा जणी एकाच नळावर पाणी भरायच्या. पैसे वाढायचे नाहीत, फक्त फिरायचे, आणि आज कोणाकडे आहेत हे शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. एकीने हप्ता चुकवला तर तिला जिना उतरणं मुश्कील. भीड तिथे आमच्या बाजूने काम करायची. भिशी म्हणजे सोन्याहून पिवळी असं मी म्हणत नाही, भिशीतही लोक बुडालेत. पण तिथे निदान बुडवणाऱ्याचं घर माहीत असतं.

आणि नोंदणी असलेली, फलक लावलेली जागा म्हणजे सुरक्षित, असंही छातीठोक सांगायची सोय नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि लोकांना आपल्याच खात्यातून हजार रुपयांवर काढता येईनात, त्या आठवड्यात आमच्या शाखेत, आमचा त्या बँकेशी काही संबंध नसताना, ग्राहक यायचे आणि काचेला तोंड लावून विचारायचे, "मॅडम, आपली बँक ठीक आहे ना?" मी प्रत्येकाला हो म्हणाले. कशाच्या जोरावर? साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून. ताळेबंद मी कधी उघडून पाहिला नव्हता. आमची बँक ठीकच निघाली, पण ते माझं कर्तृत्व नव्हे. फरक इतकाच की तिथे ठेवीला विम्याचं कवच असतं, तेव्हा १ लाखाचं होतं, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचं झालं. बुडालेल्या बँकेच्या मागे कोणीतरी उभं असतं. ट्रेडर्सच्या मागे शिलाईवाला.

असो. पेढ्यांनंतर तीन आठवडे मी काकांना टाळलं. लिफ्टमध्ये ते दिसले की मोबाईलमध्ये डोकं घालायचं. मनाची समजूत काढायची की कदाचित माझंच वाचण्यात चुकलं असेल. हा भित्रेपणा होता, त्याला दुसरं नाव नाही.

मग एका रात्री साडेनऊला त्यांनीच बेल वाजवली. बॉक्स नव्हता. आत आले, पाणी प्यायले, आणि म्हणाले, "दोन लाख देशील? आठ दिवसांत परत करतो." आकडा आता शेहेचाळीस लाखांवर गेला होता, कारण त्यांनी आणखी पाच टाकले होते, एकूण सतरा. पैसे काढायला गेले तर ॲप म्हणालं, नफ्यावर २० टक्के टॅक्स आधी भरा, पाच लाख ऐंशी हजार, एकरकमी, उद्या संध्याकाळी सहाच्या आत. नाहीतर खातं गोठेल. तीन ऐंशी त्यांनी मुदतठेव मोडून जमवले होते. दोन कमी पडत होते.

या वेळी मात्र मी विचारलं. माझा आवाज चढला असणार, कारण आतून नवरा बाहेर आला. काका, टॅक्स कोणाला भरायचा? इन्कम टॅक्सला भरायचा ना, तुमच्या पॅनवर, चलनाने? मग यांच्या खात्यात कशाला? आणि शेहेचाळीस लाख तुमचे असतील तर त्यातूनच पाच ऐंशी कापून बाकीचे द्यायला काय हरकत आहे? काका म्हणाले, "नियम आहे म्हणतात." मग म्हणाले, "आयपीओचे शेअर आहेत त्यात, हमखास लागलेले." मी म्हटलं, काका, आयपीओचे पैसे आपल्याच बँकेत अडकून राहतात, लागला तर कापले जातात. जास्त अर्ज आले की कॉम्प्युटरवर सोडत निघते. हमखास कोण लावणार? ते गप्प. गणिताच्या मास्तरांना मी फळ्यासमोर उभं केलं होतं, आणि ते मला अजिबात बरं वाटत नव्हतं.

काकांचं एक जुनं डीमॅट खातं होतं, चार कंपन्यांचे थोडे शेअर. त्यांच्या ईमेलमध्ये डिपॉझिटरीचं, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचं, एकत्रित स्टेटमेंट शोधलं. पासवर्ड पॅन नंबर, कॅपिटल अक्षरांत. तीनदा चुकला, कारण काका शून्याच्या जागी ओ टाकत होते. चौथ्यांदा उघडलं. एका पॅनवर जेवढी डीमॅट खाती असतील तेवढी सगळी या कागदावर येतात, आणि कागदावर तेच जुने चार शेअर होते. ते स्टेटमेंट सहामाही होतं. मधल्या दोन महिन्यांत एक जरी शेअर खरंच घेतला असता तर महिन्याचं आलं असतं, संध्याकाळी एक्स्चेंजचा मेसेज आला असता. काही नव्हतं. काकांनी एकदा मोबाईलकडे पाहिलं, जिथे शेहेचाळीस लाख हिरवे चमकत होते, आणि एकदा लॅपटॉपकडे. पाँझीला निदान कोणाला तरी खरे पैसे वाटावे लागले होते. यांनी फक्त आकडा रंगवला होता. सुरुवातीला पाच हजार परत मिळाले होते तेवढेच खरे. त्यांचा काकांनी तीन लिटरचा कुकर घेतला होता.

मग त्यांनी ग्रुप दाखवला. दीडशे माणसं, एक 'सर', रोज सकाळी बाजाराचं प्रवचन, त्याखाली 'थँक यू सर' आणि नफ्याचे फोटो यांची रांग. त्या दीडशेत खरा एक माणूस असावा, आमचे काका. आणि एक असिस्टंट मुलगी, ती वेगळे मेसेज करायची. मी वर सरकवत गेले. पैशांबद्दल फार थोडं होतं. "अंकल, खाना खाया?" "अंकल, बारिश है, बाहर मत जाना." "अंकल, घुटने का दर्द कैसा है?" दीड-दोन महिने, रोज, दुपारी एक आणि रात्री आठ. हे कोणालाही सांगू नका, व्हीआयपी लोकांसाठी आहे, असंही तिनेच बजावलं होतं, आणि मुलगा नाराज होईल म्हणून त्यालाही नाही. काका म्हणाले, "ती मुलगी नसेलच ना?" मी म्हटलं, बहुतेक नसेल. एक मजला खाली राहून मी त्यांना जेवलात का म्हणून शेवटचं कधी विचारलं होतं, ते मला आठवेना.

१९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा साडेदहा झाले होते. पलीकडच्या मुलीने सगळ्या व्यवहारांचे क्रमांक मागितले, मी वाचत गेले, काका पासबुकावर बोट ठेवत गेले. जुने पैसे कधीच पुढे सरकले होते. चार दिवसांपूर्वी पाठवलेल्यातले एक लाख बारा हजार एका खात्यात अजून पडून होते, ते रोखले गेले. पुढे सायबर पोलीस ठाण्याच्या बाकावर आम्ही दोन-तीनदा बसलो. शेजारी एक तरुण मुलगा, आयटीतला, नऊ लाख. त्याला पाहून काकांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला, हे मी पाहिलं आणि मला रागही आला नाही. महिन्याभराने काकांना एक फोन आला, तुमचे सतरा लाख मिळवून देतो, फाईलची फी पंधरा हजार. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात बहुतेक. या वेळी काका फोन कानाला तसाच धरून जिना उतरले आणि मला म्हणाले, "तू बोल."

मुलाला सांगायला त्यांनी आठ दिवस घेतले. तो आला, पहिल्या दिवशी ओरडला, दुसऱ्या दिवशी कुकरमध्ये खिचडी लावली.

गेल्या महिन्यात पुन्हा बेल वाजली. काका, हातात पेढ्यांचा बॉक्स. मी हात पुढे केला तसा त्यांनी बॉक्स मागे घेतला.

"आधी विचार."

"कशाचे?"

"नात दहावी झाली."

"किती टक्के?" मी म्हटलं, आणि शब्द तोंडातून गेल्यावर आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

"अठ्ठ्याऐंशी," काका म्हणाले. "वर्षाचे." आणि चष्मा कपाळावर चढवून मार्कशीटचा फोटो शोधायला लागले.